भिंतीच्या आतलं काम

घरदुरुस्तीचे टीव्ही कार्यक्रम मला मनापासून आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढची कुरकुर वाचून तुम्हाला वाटेल की हा माणूस विकांताला ओरडायला मिळावं म्हणूनच टीव्ही लावतो. (आमच्या घरात असं एक मत आहे. घरात माणसं दोनच असल्यामुळे ते मत पन्नास टक्के भरतं.) अमेरिकेत आल्यापासून हे कार्यक्रम म्हणजे माझा हक्काचा विरंगुळा. मोडकं घर विकत घ्यायचं, घणाने भिंती पाडायच्या, मध्यंतरात एखादं छोटंसं संकट, मग जाहिराती, आणि शेवटी नवं घर बघून मालकिणीच्या डोळ्यांत पाणी. सगळं तासाभरात उरकतं. हापिसात एकाच मॉड्यूलवर सहा-सहा महिने रखडणाऱ्या माणसाला याहून सुखद काय असणार?

पण त्यातलं नळकाम आताशा मला बघवत नाही. माझी पदवी मेकॅनिकलची आणि पोट सॉफ्टवेअरवर. म्हणजे पाइपातून पाणी कसं वाहतं हे एकेकाळी परीक्षेपुरतं शिकलो, आणि न तपासलेलं काम गिऱ्हाइकाच्या हातात पडलं की काय होतं हे रोज शिकतो. टीव्हीवरचं प्लंबिंग या दोन्ही शिक्षणांना एकदमच टोचतं.

आता काही चुका अगदी ढोबळ असतात. सिंकखाली सांडपाण्यासाठी घड्याघड्यांचा लवचिक पाइप लावतात. त्याच्या प्रत्येक घडीत खरकटं आणि चिकट तेल साचत जातं. प्लॅस्टिकची चकती हाताने आवळायची असते, तिथे कोणीतरी जोशात पाना चालवतो. पीव्हीसीचे दोन तुकडे प्रायमर न लावताच चिकटवतात. शॉवरच्या भिंतीला साध्या जिप्सम बोर्डावर थेट टाइल्स बसतात, मागे पाणी अडवणारा थरच नाही. हे खटकतं, पण निदान हे दिसतं. आणि दिसतं म्हणून घराघरातले जाणकार प्लंबर सोफ्यावरून उठून टीव्हीवर ओरडू शकतात.

माझा खरा आक्षेप मात्र कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल आहे. कारण नळकामाचं सगळं मर्म तिथेच आहे.

सिंकखालचा वाकडा पाइप डोळ्यांसमोर आणा. तो जागा वाचवायला वाकडा केलेला नसतो. त्या वळणात कायम दोन ते चार इंच पाणी साचून राहतं आणि ते पाणी बुचासारखं काम करतं. खालच्या गटारातला वायू वर घरात येऊ शकत नाही. याला म्हणतात ट्रॅप. घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका स्कॉटिश कारागिराने १७७५ साली संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं, आणि आज अडीचशे वर्षांनंतरही त्याहून साधं आणि स्वस्त काही कोणाला सुचलेलं नाही. एकही हलणारा भाग नाही, बॅटरी नाही, अपडेट नाही! आपल्याकडे बाथरूमच्या जमिनीत जो ट्रॅप असतो त्याला सिव्हिलवाले 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, आणि त्यात आपली न्हाणी स्वच्छ ऐकू येते.

आता गंमत अशी, की हे इवलंसं पाणी जागेवर टिकवणं सोपं नाही. ट्रॅपच्या पुढचा पाइप सरळ खाली जमिनीत गेला, म्हणजे एकूण आकार इंग्रजी एस अक्षरासारखा झाला, तर बेसिन रिकामं होताना वाहणारं पाणी आपल्यामागे बुचातलं पाणीही ओढून नेतं. सायफन. म्हणून अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या दोन्ही प्रमुख आदर्श संहितांमध्ये असा एस-ट्रॅप बसवायला मनाई आहे. ट्रॅपनंतर पाइप जवळजवळ आडवा जायला हवा, आणि तिथे त्याला हवा मिळायला हवी.

हवा कशाला? तेलाचा डबा आठवा. आई डबा फोडताना एक भोक कधीच पाडत नसे. दोन पाडायची. एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. एकच भोक असलं की तेल गुडगुडत, धक्के देत येतं. सांडपाण्याच्या पाइपाचंही तसंच. हवा आत यायला वाट हवी म्हणून प्रत्येक ट्रॅपपासून एक हवेचा पाइप निघतो, भिंतीच्या आतून वर जातो आणि छपरातून बाहेर डोकावतो. इथल्या घरांच्या छपरांवर जे बोडके पाइप दिसतात ते बहुतेक हेच. ते तेलाच्या डब्याचं दुसरं भोक.

आणि आता टीव्हीवरचं सगळ्यात लाडकं दृश्य: 'ही भिंत पाडूया, स्वयंपाकघर मोकळं करूया, आणि मधोमध ओटा टाकून त्यात सिंक देऊया!' भिंत पाडायला पाहुण्यांना घण दिला जातो. हशा, धूळ, संगीत. पण त्या भिंतीत एखादा हवेचा पाइप असला तर तो गेला कुठे? आणि नव्या सिंकच्या चारी बाजूंना भिंतच नाही, तर त्याच्या ट्रॅपला हवा कुठून मिळणार? याला उत्तरं आहेत. हवेचा पाइप ओट्याखाली उंच नेऊन, वळवून, जमिनीखालून जवळच्या भिंतीपर्यंत नेता येतो. काही ठिकाणचे नियम हवा आत घेणारा झडपेचा तुकडा चालवून घेतात. म्हणजे काम अशक्य नाही, पण त्यात डोकं लागतं, वेळ लागतो आणि पैसा लागतो. पडद्यावर मात्र घण पडतो आणि पुढच्या क्षणी पांढऱ्या दगडाच्या ओट्यावर लिंबांची परडी दिसते.

दुसरं लाडकं वाक्य: 'कमोड त्या कोपऱ्यात हलवूया.' हे कपाट हलवण्याच्या सुरात म्हणतात. थोडं गणित करू. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला साधारण फुटाला पाव इंच उतार लागतो. कमोड दहा फूट सरकवला की पाइप अडीच इंच खाली गेला. इथली घरं लाकडी. वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असते, आणि नेहमीच्या वापरातल्या 'टू बाय टेन' तुळईची खरी उंची सव्वानऊ इंच भरते. निवासी बांधकामाची संहिता सांगते की तुळईत पाडायचं भोक तिच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको, म्हणजे साधारण तीन इंच. आणि कमोडचा तीन इंची पाइप बाहेरून मोजला तर साडेतीन इंच असतो. म्हणजे तो त्या तुळईतून नियमाने आरपार जाऊच शकत नाही! एक तर तुळयांना समांतर न्या, नाहीतर खालच्या खोलीचं छत उतरवा, नाहीतर तुळयांची रचनाच बदला. यातलं काहीही केलं तरी तो त्या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असतो. टीव्हीवर त्याला किती सेकंद मिळतात? बहुतेक वेळा एकही नाही. आणि घाईत काम करणारा माणूस काय करतो हे सांगायला नको. करवत घेतो आणि तुळई कापतो. वर फरशी बसली की कोणाला दिसतंय?

'अरे, थोडा वास आला किंवा थोडी जमीन वाकली तर काय मोठंसं' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

१९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. बाहेरगावचे पाहुणे हॉटेलांत उतरले आणि घरी जाऊन अमीबाच्या आमांशाने आजारी पडले. सुमारे १,४०० रुग्ण आणि जवळजवळ शंभर मृत्यू. तपास हॉटेलांच्या पाइपांपर्यंत पोचला. सांडपाणी आणि पिण्याचं पाणी यांची जिथे गाठ पडायला नको होती, तिथे पडली होती.

दुसरी गोष्ट मार्च २००३ मधली, हाँगकाँगच्या अॅमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीतली. सार्सच्या साथीत तिथल्या तीनशेहून जास्त लोकांना लागण झाली. सरकारी तपासात जी कारणं पुढे आली त्यात एक होतं बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप. लोक फरशी पाण्याने धूत नव्हते, फडक्याने पुसत होते. त्यामुळे ट्रॅपमधलं बुचाचं पाणी वाळून गेलं, आणि वर एक्झॉस्ट पंखा लावला की मैलापाण्याच्या पाइपातली दूषित हवा घरात ओढली जात होती. वाटीभर पाण्याची ही किंमत. तो कमिंगचा पाइप शोभेचा नाही, हे एवढ्यासाठी सांगतोय.

आता माझ्या धंद्याकडे येतो. सॉफ्टवेअरवाल्यांना 'डेमो' आणि 'प्रॉडक्शन' यातला फरक समजावायला नको. डेमोत सगळं चालतं. डेमोसाठी जे बटण दाबायचं तेवढंच चालवलेलं असतं. टीव्हीवरचा शेवटचा प्रसंग हा शुद्ध डेमो असतो: मालकीण चकचकीत नळ उघडते, तीन सेकंद पाणी येतं, टाळ्या. पण नळाला पाणी येणं हे प्लंबिंगमधलं सगळ्यात सोपं काम आहे, कारण ते दाबाखाली येतं. अवघड आहे ते पाणी परत जाणं आणि पुढची तीस वर्षं कुठेही न गळता जात राहणं. एस-ट्रॅपचा वास आठवड्याने येईल. भिंतीतली बारीक गळती कित्येक महिन्यांनी बुरशीच्या काळ्या डागातून दिसेल. तोपर्यंत कॅमेरा दुसऱ्या गावी गेलेला असतो.

नळकामात चूक किती उशिरा उघडी पडते याचं मोठं उदाहरण अमेरिकेनेच पाहिलंय. १९७८ ते १९९५ या काळात लाखो घरांत पॉलिब्युटिलीनचे करडे पाइप बसले. स्वस्त, हलके, झटपट बसणारे. पण पाण्यातल्या क्लोरीनने ते आतून ठिसूळ होत गेले आणि भिंतींच्या आत फुटू लागले. १९९५ मध्ये झालेली सामूहिक दाव्याची तडजोड जवळजवळ ९५ कोटी डॉलरची होती. बसवल्याच्या दिवशी त्या प्रत्येक घराचा 'डेमो' झकास झाला असणार.

म्हणूनच इथे नियम असा असतो की पाइप टाकून झाले की भिंत बंद करण्याआधी सरकारी तपासनीस बघून जातो. सांडपाण्याचे पाइप बंद करून त्यात दहा फूट उंचीपर्यंत पाणी भरतात आणि पाव तास थांबून पातळी उतरते का ते पाहतात. शॉवरच्या तळाचा निचरा बुजवून त्यात पाणी तुंबवतात. चांगले कारागीर ते चोवीस तास तसंच ठेवतात. हेच आमचं टेस्टिंग, हाच कोड रिव्ह्यू. आणि टीव्हीच्या कात्रीत हमखास हाच भाग जातो.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. 'बाबा रे, ही करमणूक आहे. तुंबलेलं पाणी चोवीस तास कोण बघणार? आणि परवाना, तपासणी हे सगळं कॅमेऱ्यामागे होतच असेल.' बऱ्याच ठिकाणी होत असेलही. सगळे कंत्राटदार चोर आहेत असं मला म्हणायचं नाही. पण 'दाखवलं नाही तरी केलं असेल' हा भरवसा दर वेळी खरा ठरत नाही. 'फिक्सर अपर' हा तुफान लोकप्रिय कार्यक्रम घ्या. २०१८ मध्ये चिप आणि जोआना गेन्स यांच्या मॅग्नोलिया होम्स या कंपनीला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेबरोबर तडजोड करून ४०,००० डॉलर दंड भरावा लागला. विषय पाइपांचा नव्हता. १९७८ पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असतो, तो खरवडताना घ्यायची काळजी घेतली गेली नव्हती. आणि हे उघडकीला कसं आलं? संस्थेने कार्यक्रमाचे भाग बघितले! जे पडद्यावर दिसत नव्हतं, ते खरोखरच झालं नव्हतं. तडजोडीत आणखी एक अट होती जी मला फार आवडली: शिशाच्या धोक्याची माहिती कार्यक्रमातून प्रेक्षकांना द्यायची. म्हणजे टीव्हीवर काय दिसतं याने लोकांच्या घरात काय होतं ते बदलतं, हे सरकारलाही पटलेलं आहे.

आणि करमणुकीचा मुद्दा? 'धिस ओल्ड हाउस' हा कार्यक्रम १९७९ साली बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर सुरू झाला. त्यात रिचर्ड ट्रेथवी नावाचा प्लंबर तुमच्याशी बोलत बोलत सांधा कसा जुळतो, वाफ कुठे जाते, पाणी का आपटतं हे समजावतो, आणि लोक चाळीस वर्षांहून जास्त काळ ते बघत आलेत. कॅनडाच्या माइक होम्सने तर दुसऱ्यांनी केलेलं वाईट काम उकरून काढून दाखवण्यावरच नाव कमावलं. तिथे भिंत फोडल्यावर जे निघतं ते कुठल्याही रहस्यकथेपेक्षा कमी नसतं. तेव्हा प्रेक्षकांना कंटाळा येतो ही सबब मला मान्य नाही. दाखवणाऱ्याला ते करायचं आहे की नाही, एवढाच प्रश्न.

याचा भुर्दंड शेवटी कोणाला? माझ्या एका मित्राने गेल्या वर्षी न्यू जर्सीत असंच 'नवं केलेलं' जुनं घर घेतलं. करड्या टाइल्स, काळे नळ, हुबेहूब टीव्हीवरचं. दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात कुजका वास. आधी उंदीर शोधला, मग फ्रिज हलवला, मग बायकोच्या माहेरून आलेल्या सुक्या बोंबलांवर संशय घेतला (त्यावरून झालेलं भांडण वेगळंच). शेवटी एका म्हाताऱ्या प्लंबरने ओट्याखाली डोकं घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, 'याला हवाच नाहीये.' दुरुस्तीसाठी नवी जमीन उखडावी लागली. कित्येक हजार डॉलर गेले. विकणाऱ्याने फसवलं हे खरंच, पण घर बघायला गेलेल्या आम्ही सगळ्यांनी टाइल्सचंच कौतुक केलं होतं, कारण टीव्हीने आम्हाला तेवढंच बघायला शिकवलंय. सिंकखालचं दार उघडायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

माझ्या मते खरं नुकसान हे आहे. एखाद्या भागातलं एखादं वाईट काम त्या एका घराचं वाटोळं करतं. पण चांगल्या कामाची व्याख्याच जेव्हा 'लवकर झालं आणि छान दिसतंय' अशी होते, तेव्हा सरळ वागणारा कारागीर मार खातो. तो म्हणतो, 'पाणी भरून एक दिवस थांबावं लागेल.' गिऱ्हाईक म्हणतं, 'टीव्हीवर तर विकांतात होतं!' तो परवान्याचा खर्च धरतो, दुसरा धरत नाही. काम कोणाला मिळतं ते तुम्हीच सांगा. आमच्या धंद्यात टेस्टिंगचा वेळ कापून तारीख गाठणारे मॅनेजर आपण बघतोच, आणि त्यांना शिव्याही घालतो. मग घराच्या बाबतीत आपण तेच मॅनेजर का होतो?

पुण्या-मुंबईतल्या मंडळींनी 'हे अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला' असं म्हणू नये. तिथे लाकडी तुळया नाहीत, पण फ्लॅटचं इंटिरिअर करताना फोनवरचे तीस सेकंदांचे व्हिडिओ दाखवून 'अस्संच हवं' म्हणणारे आपणच. आणि वरच्या बाथरूमची ओल खालच्या बेडरूममध्ये उतरली की सोसायटीच्या सभेत जे महाभारत होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा जगात कुठेही असाल, काम काढताना एवढं करा:

१. टाइल्स बसण्याआधी पाइपांना दाब देऊन चाचणी करायला सांगा, आणि ती होताना स्वतः हजर राहा.
२. बाथरूममध्ये पाणी तुंबवून किमान एक दिवस ठेवा आणि मग खालच्यांच्या घरी जाऊन छत बघा. चहाही मिळेल.
३. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक पाइपाचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना दुवा द्याल.
४. घर बघायला गेलात तर टाइल्स नंतर बघा. आधी सिंकखालचं दार उघडा. पाइप सरळ जमिनीत गेला असेल किंवा घड्याघड्यांचा असेल तर पुढचे प्रश्न विचारायला लागा.
५. घर महिनोन्महिने बंद राहणार असेल तर परत आल्यावर सगळ्यात आधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. फुकट आहे.

आणि टीव्हीवाल्यांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. घण चालवा, रडवा, परडीत लिंबं ठेवा, काही हरकत नाही. फक्त भिंत बंद करण्याआधीची दहा सेकंदं द्या. पाइप दिसू द्या, तपासनिसाची सही दिसू द्या, शॉवरच्या तळात तुंबवलेलं पाणी दिसू द्या, आणि दुसऱ्या दिवशी ते तेवढंच आहे हे सांगा. स्थिर पाणी बघायला मी जाहिराती संपेपर्यंत थांबायला तयार आहे.